मरून काठी आणि शेवाळी बेडूक

आता हसणारच असाल तर आधी चहा संपवून घ्या. मागे हा किस्सा ऐकताना माझ्या नणंदेला ठसका असा लागला की सगळा चहा माझ्या नव्या चादरीवर. डाग अजून आहे. तेव्हा कप खाली ठेवा, मग सांगते.

बिबवेवाडीत माझं मॅचिंग सेंटर आहे. तुम्ही साडी आणायची, मी तिला ब्लाउजपीस, फॉल, परकर, धागा शोधून द्यायचा. लग्नात बाकीच्या बायका नवरीकडे बघतात, मी नवरीच्या ब्लाउजचं अस्तर बघते. लाइट गेलेली असताना मी चिंतामणी आणि मोरपिशी या रंगांतला फरक सांगितलेला आहे. "शैलाताईंनी जोडी जमवली की ती जमलीच," असं आमच्या भागातल्या बायका म्हणतात. या एका वाक्यावर मी फार माजले होते, हे आता कबूल करायला हरकत नाही.

झालं असं, की माझ्या धाकट्या बहिणीच्या, मंगलच्या मुलीचं लग्न ठरलं. ऋचा तिचं नाव. मुलगी मंगलची, पण लाड सगळे माझे. मुलगा वारज्याला राहणारा, आयटीतला. त्याचे वडील सावंत मूळचे मालवणचे, रिटायर होऊन गावीच राहणारे. लग्नाच्या तयारीसाठी म्हणून मुलाकडे येऊन राहिले होते.

साखरपुड्याला माझी खुर्ची नेमकी त्यांच्या शेजारी आली. मी म्हटलं, "ऋचाचं केळवण आमच्याकडे आहे, तुम्हीही सगळे जेवायला या." लग्नाआधी मुलीला नातेवाइकांनी गोडाधोडाचं खाऊ घालायचं, त्यात सासरच्यांनाही बोलावलं की ओळख वाढते, असा माझा साधा हेतू. बोलता बोलता भर घातली, "मासे करीन हं."

सावंत हसले. वाईट नाही हसले, पण हसले.

"पुण्यात मासे?" ते म्हणाले. "विहीणबाई, तुमच्याकडे पोचेपर्यंत त्या माशालासुद्धा आठवत नसतं, आपण कुठल्या समुद्रातले."

आता पुण्याला नावं ठेवायचा हक्क कोणाचा? आमचा. आम्ही तो रोज मनापासून बजावतो. पण बाहेरच्यानं ठेवली की मला सहन होत नाही.

"व्याहीबुवा," मी म्हटलं, "केळवणाला तुमच्या ताटात मी स्वतःच्या हातानं पकडलेला मासा वाढीन. सकाळी पाण्यात, दुपारी ताटात."

आमच्या ह्यांच्या हातातला पेढा तोंडाशी जाऊन तिथेच थांबला. सावंत पुढे केळवण कधी ठेवायचं वगैरे काहीतरी बोलत होते, मी मान डोलावत होते, पण खरं सांगते, एक अक्षर माझ्या डोक्यात शिरलं नाही. डोक्यात मासा शिरला होता.

परत येताना रिक्षात हे म्हणाले, "तू आजवर कधी मासा पकडला आहेस?"

"नाही."

"मग?"

"मी आजवर कधी शब्द मोडला आहे?"

"तसं नाही. पण मंडईतून एक मरळ आणू, तिच्या तोंडात गळ अडकवू, फोटो काढू. शब्दही राहील आणि माणसंही जेवतील."

ह्यांचं बोलणं कायम असंच. टेलिफोन खात्यात आयुष्य गेलं, त्यामुळे कमी शब्दांत समोरच्याला गार करायची सवय. मी घरी आल्यावर कॅलेंडर काढलं आणि केळवणाला सोमवार ठरवला. सोमवारी माझं दुकान बंद असतं. संकष्टी नाही, एकादशी नाही, गुरुवार तर नाहीच, सगळं बघून ठरवला. मी काही अविचारी बाई नाही.

पाणीही ठरलं. पानशेतच्या रस्त्याला ह्यांचे मित्र शिंदे यांचं शेत आहे, त्यात एक जुनं तळं. कमळाची पानं, शेवाळ आणि खाली मरळ. शिंदे म्हणाले, हव्या तेवढ्या पकडा, फक्त आत पडू नका.

राहिली काठी. त्यासाठी कॅम्पात शेखचाचांचं गळांचं दुकान गाठलं. चाचा पिढीजात पुण्याचे, बोलणं मऊ, सगळं नीट विचारून घेणारे.

"ताई, पाणी कसलं आहे? मोकळं का शेवाळाचं?"

"शेवाळाचं."

"मासा कुठला?"

"मरळ."

त्यांनी तीन काठ्या समोर ठेवल्या. एक बारीक, वेतासारखी लवणारी, काळी. एक मधली, करडी. तिसरी जाड, ताठ आणि काय सांगू, मरून. गडद मरून, त्यावर सोनेरी दोऱ्याचे वेढे. नारायणपेठी साडीच समोर ठेवल्यासारखं वाटलं. मी बोट ठेवलं, "ही."

चाचांना आनंद झाला. "बरोबर निवडलीत. कडक काठी आहे. शेवाळात घुसलेली मरळ ओढून काढायला अशीच लागते."

बघा. पाच मिनिटांत मी एक्स्पर्ट. इथे थांबले असते तर आज हा किस्सा झालाच नसता.

मग चाचांनी आमिषं काढली. खोटी, रबराची आणि पत्र्याची, त्याला ते ल्युअर म्हणतात. माझ्यापुढे त्यांनी एक बेडूक ठेवला. लठ्ठ, जड, अंगावर पिवळे ठिपके आणि रंग शेवाळी.

"या काठीला हा."

"चाचा, मरूनवर शेवाळी? माझ्या दुकानात कोणी मागितलं तर मी देत नाही. गिऱ्हाईक परत पाठवते."

तेवढ्यात मला बाजूच्या डबीत एक दिसलं. इवलंसं, सोनेरी पत्र्याचं पातं, खाली मरून रंगाचा मणी आणि बारीकसा तिहेरी गळ. काठीशेजारी धरून बघितलं. जणू एकाच ठाणातून कापलेलं.

"ताई, ते लवणाऱ्या काठीचं आहे," चाचा म्हणाले. "काठी आणि आमिष वजनावर बघतात. हलक्या काठीला हलकं, कडक काठीला जड. तिला वजन लागलं तर ती वाकणार, वाकली तर फेकणार. ही जोडी जमत नाही."

"चाचा," मी म्हटलं, "जोड्या जमवायचं मला शिकवू नका. माझा धंदाच तो आहे."

चाचांनी मग ती सोनेरी आमिषं बांधून दिली आणि बेडूकही पिशवीत टाकला. "हा माझ्याकडून. राहू द्या जवळ." मला वाटलं, खपत नसेल.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर सराव सुरू. उन्हाळ्याचे दिवस, त्यामुळे गच्चीवर वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णीकाकूंच्या कुरडया वाळत होत्या. काकू कडेला स्टुलावर, हातात काठी, कावळे हाकलायला. इकडे मी, माझ्याही हातात काठी.

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "शैलाताई, मासे पाण्यात असतात असं ऐकून होते."

मी काठी मागे नेली आणि गळ फेकला. आमिष कुठे गेलं? कुठेच नाही. टपकन माझ्या पायाशी पडलं. काठी तसूभर वाकली नव्हती. पण काठीवरचं दोऱ्याचं रीळ मात्र जोरात फिरलं होतं आणि त्यावर असा गुंता झाला होता की विचारू नका. मी धाग्याच्या धंद्यातली बाई, तो गुंता सोडवताना मला रडू यायचं बाकी राहिलं.

मी आणखी जोर लावला. आणखी मोठा गुंता. रोज सकाळी मी, गुंता आणि कुलकर्णीकाकू.

एके दिवशी हे पेपर घेऊन वर आले. ह्यांना छापलेलं काहीही वाचायचं व्यसन आहे, औषधाच्या बाटलीवरचं, बिस्किटाच्या पुड्यावरचं. ह्यांनी काठी हातात घेतली, चष्मा वर केला आणि मुठीजवळची बारीक अक्षरं वाचली.

"पंधरा ते चाळीस ग्रॅम. इथेच लिहिलंय. तुझं हे पातं शर्टाच्या बटणाएवढंही भरणार नाही."

"साडीवरही धुण्याच्या सूचना लिहिलेल्या असतात," मी म्हटलं. "लिहिलेलं कोण वाचतं?"

पण मनात मला पटलं होतं. वजन कमी आहे ना? मग वजन वाढवू. रंग का सोडायचा? दुकानात गेले आणि ब्लाउजच्या पाठीला लावतात ती मोठी लटकनं काढली. मरून रेशमी गोंडे, सोनेरी घुंगरू, आत जड मणी. दोन लटकनं त्या पात्याला शिवून टाकली, दुहेरी दोऱ्यानं, आणि गच्चीवर येऊन सगळ्या अंगानिशी फेकलं.

काय गेलं म्हणता! काठी पहिल्यांदा वाकली, लटकनं छुमछुम करत हवेतून निघाली आणि सरळ कुलकर्णीकाकूंच्या कुरडयांच्या प्लॅस्टिकमध्ये रुतली. मी घाबरून रीळ गुंडाळलं. गळाबरोबर प्लॅस्टिक आलं, प्लॅस्टिकबरोबर कुरडया आल्या. अर्ध्या वाळलेल्या, अर्ध्या ओल्या, गच्चीभर.

काकू ओरडल्या नाहीत. त्या कोणावर ओरडत नाहीत, तेच वाईट असतं. एक कुरडई उचलून म्हणाल्या, "पहिला मासा लागला म्हणायचा. अभिनंदन."

आणि खाली जाऊन त्यांनी मंगलला फोन केला. तुमची ताई रोज गच्चीवर घुंगरू बांधलेली काठी फिरवते, काही त्रास आहे का तिला, म्हणून. मंगल आधीच भित्री. ती हादरली. त्याच दिवशी सावंतांचा तिला कशावरून तरी फोन आला आणि त्यांनी सहज विचारलं, तुमच्या ताईंची मासेमारी कुठवर आली? माझी अब्रू वाचवायला मंगल बोलून गेली, "अहो, ताईला लहानपणापासूनचा नाद आहे. गळ टाकण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही."

सावंत खूश. म्हणाले, मग मी सकाळी तळ्यावरच येतो, बघायला मिळेल.

संध्याकाळी मंगल माझ्या घरी. डोळ्यांत पाणी. "ताई, आता तू मोकळ्या हातानं आलीस तर ते मला काही म्हणणार नाहीत, तुलाही नाहीत. पण ऋचाला जन्मभर ऐकवतील. दर वेळी ताटात मासा आला की म्हणतील, तुमची मावशी पकडते ना गं?"

माझं हसं झालेलं चाललं असतं, पण त्या पोरीला कोणी टोमणा मारावा हे मला मरेपर्यंत चालणार नव्हतं. मंगलचा हात धरून म्हटलं, "मासा येणार." आणि रात्रीपर्यंत आणखी एक लटकन शिवलं.

सोमवारी सकाळी तळ्यावर आम्ही तिघं. मी, हे आणि पांढऱ्या शुभ्र शर्टातले सावंत. मी पदर खोचला, काठी काढली. सावंतांनी काठीला हात लावून बघितला आणि म्हणाले, "वा. जाणकारानं निवडलेली दिसते." मग त्यांना टोकाची लटकनं दिसली. त्यांनी ह्यांच्याकडे बघितलं. हे आकाशाकडे बघत होते.

मी फेकलं. छुमछुम करत गेलं, कमळाच्या पानांत पडलं. मनात म्हटलं, बघा आता. ओढलं, तर तिहेरी गळाला ओंजळभर शेवाळ आलं. काढलं, पुन्हा फेकलं. पुन्हा शेवाळ. घुंगरू वाजतायत, गोंडे पाणी पिऊन जड झालेत आणि तळ्यातला प्रत्येक मासा बहुतेक पलीकडच्या गावाला गेलेला. काठावर शेवाळाचा ढीग झाला. शिंदे बांधावरून म्हणाले, "वहिनी, तळं साफ होतंय, चालू ठेवा."

सावंत तो ढीग बघत होते. ते मला सहन होईना. डोळ्यांपुढे ऋचा आली. दात-ओठ खाल्ले, काठी पार पाठीमागे नेली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून पुढे आणली.

काठी आली नाही. मागून कोणीतरी ओढत होतं.

मी आणखी जोर लावला. पलीकडूनही जोर लागला. ताठ काठी चक्क वाकली. माझ्या तोंडातून निघालं, "लागला! अहो, लागला! मोठा आहे!"

"फार मोठा आहे," हे म्हणाले. "पण ओढू नकोस. फाटेल."

मी मान वळवून बघितलं. सोनेरी पातं, तीन लटकनं आणि तिहेरी गळ, सगळं माझ्याच पदरात घुसलं होतं. जितकी मी काठी ओढत होते, तितकीच मीच मला मागे ओढत होते. त्या तळ्यावर आजवर गळाला लागलेला सगळ्यात वजनदार ऐवज मीच असणार.

लाजेनं मला तिथल्या तिथे पाण्यात जावंसं वाटलं. पण शिंद्यांनी आत पडायला मनाई केली होती.

सावंत पुढे आले. त्यांनी गळ असा सोडवला की जरीचा एक धागा निघाला नाही. मग पिशवीत डोकावले आणि चाचांचा बेडूक बाहेर काढला.

"विहीणबाई, हा असताना ते झुंबर का लावलंत?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "मरूनवर शेवाळी जात नाही," मी म्हटलं.

सावंतांनी माझ्याकडे बघितलं, काठीकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं. "माशाला काठी कुठे दिसते?" ते म्हणाले. "काठी बघणार तुम्ही आणि मी. त्याला दिसणार फक्त बेडूक. आणि तळ्यात बेडूक मरून नसतो."

मी तळहातावर बेडूक घेतला, त्याचं वजन पाहिलं आणि मला माझंच दुकान आठवलं. शिफॉनच्या साडीला जाड कॉटनचा फॉल मागणाऱ्या बायकांना मी रोज काय सांगते? "रंग जुळला म्हणून काय झालं, कापडाला झेपला पाहिजे. साडी बसणार नाही." रोज सांगते. अगदी तोऱ्यात सांगते.

बेडूक बांधला. फेकायला जोर लागलाच नाही. काठीनं त्याला आपणहून उचललं आणि कमळाच्या पानांपलीकडे अलगद ठेवलं. त्याचे गळ पाठीला चिकटलेले, त्यामुळे शेवाळावरून तो सरसर येत होता, कुठे अडकत नव्हता.

"सावकाश," सावंत कुजबुजले. "थांबवा. परत हलवा. मासा आला तर लगेच ओढू नका, गिळू द्या."

पाणी फुटलं. बेडूक दिसेनासा झाला. मी थांबले. सावंत म्हणाले, "आता," आणि मी झटका दिला. मरळ शेवाळात घुसली, काठी धनुष्यासारखी वाकली, आणि तिनं मासा, शेवाळ, दोन कमळाची पानं असं सगळं काठावर आणून टाकलं.

हातभर लांब मरळ. माझ्या हातानं पकडलेली. मी रडले, लपवत नाही. सावंतांनी टाळ्या वाजवल्या, आणि ह्यांनीसुद्धा, हे लक्षात ठेवा, कारण ह्यांनी आमच्या लग्नातही टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

दुपारी घरी पंगत. पाट, रांगोळी, उदबत्ती. ऋचाला मी नवी साडी दिली, अर्थात मॅचिंगसकट. मरळीचा झणझणीत रस्सा, तळलेले तुकडे, भाकरी, भात, आणि सावंतांच्या मानासाठी सोलकढी. मंगलच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी रंग आला होता. मी पातेलं घेतलं, पहिला मान व्याह्यांचा, म्हणून सगळ्यात मोठा तुकडा काढला आणि त्यांच्या ताटाशी वाकले.

सावंतांनी ताटावर हात आडवा धरला.

"विहीणबाई, आज सोमवार."

"म्हणजे?"

"आमच्याकडे सोमवारी मासे चालत नाहीत. शंकराचा वार. मी, ही, मुलगा, कोणीच खात नाही."

पळी माझ्या हातात तशीच. "अहो, पण सकाळी तुम्ही तळ्यावर माझ्याबरोबर..."

"पकडायला वार नसतो," सावंत म्हणाले. "खायला असतो. आणि मी साखरपुड्यालाच म्हटलं होतं, सोमवार तेवढा सोडून कधीही ठेवा. तुम्ही मान डोलावलीत. मला वाटलं, आमच्यासाठी वेगळं काहीतरी केलं असेल."

वेगळं काय असणार? सगळा जीव त्या एका मरळीत ओतला होता. घरात शाकाहारी म्हणून फक्त भात आणि सोलकढी. शेवटी मी वरच्या मजल्यावर गेले आणि कुलकर्णीकाकूंच्या दारात उभी राहिले. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, आत गेल्या आणि डबाभर कुरडया तळून दिल्या.

"घ्या," म्हणाल्या. "तुम्हीच पकडलेल्या आहेत."

तर माझ्या व्याह्यांनी केळवणाला सोलकढी-भात आणि तुटक्या कुरडया खाल्ल्या. तक्रार नाही, दोनदा मागून घेतल्या. रस्सा आम्हीच खाल्ला. ऋचानं तर तीन तुकडे खाल्ले. म्हणाली, "मावशी, पुढच्या सोमवारपासून माझंही बंद. आज खाऊन घेते." सावंत तिला म्हणाले, "खा गं, तुझी मावशी खरंच पकडते, मी डोळ्यांनी पाहिलंय." मंगलनं माझ्याकडे बघितलं आणि पदरानं डोळे पुसले. पोरीला टोमणा मिळणार नव्हता. त्या एका वाक्यासाठी माझे सगळे गुंते वसूल झाले.

सगळे गेल्यावर मी भांडी आवरत होते आणि मला एकदम आठवलं. साखरपुड्याला माझ्या दुसऱ्या बाजूला कोण बसलं होतं? पेढा तोंडाशी धरून?

"अहो," मी म्हटलं, "तुम्ही ऐकलं होतंत ना, सोमवारचं?"

"ऐकलं होतं."

"मग मी दिवस ठरवला तेव्हा बोलला का नाहीत?"

ह्यांनी पेपरची घडी घातली.

"मी कशाला बोलू?" हे म्हणाले. "जोड्या जमवायचा धंदा तुझा."